मागेच आहे, पुढे चला

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. सकाळी ७.१०

आजपासून रोज पहाटे पाचला उठून चाळीस किलोमीटर. आज उठता आलं नाही, कारण काल हा संकल्प पक्का करण्यातच बारा वाजले. उद्यापासून.

हॉल ते किचन बावीस फेऱ्या झाल्या. मीना म्हणते, टाइल्स झिजतील. तिला बँकेत जायचं असतं म्हणून ती असं बोलते. व्हीआरएस घेऊन आठ महिने झाले. तळोज्याच्या रंगाच्या कंपनीत एकोणतीस वर्षं क्वालिटी बघितली. माझी सही पडेपर्यंत भरलेले ट्रक गेटवर उभे असायचे. आता सोसायटीची लिफ्टसुद्धा माझ्यासाठी थांबत नाही.

८ मार्चला खाडीकाठ सायकल ग्रुपची नेरूळ ते थळ राईड आहे. पंचाण्णव किलोमीटर, शेवटी समुद्र आणि जेवण. मी जाणारच. मीनापण येते म्हणाली. दोन महिने झाले तिला सायकल धरून, तीही ऋताची जुनी. लेक पुण्याला गेली आणि सायकल आईच्या गळ्यात पडली. मीनाला ट्रकची भीती वाटते. कर्नाळ्याच्या पुढे ती ग्रुपच्या सामानाच्या टेम्पोत बसेल असा माझा अंदाज. तिचा हिरमोड होऊ नये म्हणून सांगितला नाही.

सोमवार, २ मार्च. रात्री ८.३०

शिरवण्याला निकेशच्या सायकल दुकानात मीटिंग. निकेश ग्रुपचा लीडर, तिथलाच गाववाला, पोरगा चांगला आहे पण पंचांगावर विश्वास ठेवतो.

मी रूट सुचवला. उरणमार्गे करंजा, तिथून लाँचने खाडी ओलांडून रेवस, की थळ आलंच. अंतर जवळपास निम्मं. निकेश म्हणाला, "काका, आठ तारखेला रंगपंचमी हाय. पंचमीला सकालचं पानी खाली जातं, नऊ-साडेनऊला तर तळ दिसतो. लाँच नाय मिळनार. आपन पेनवरूनच जाऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. शिकलेली माणसं.

रंगपंचमीचा आणि समुद्राचा काय संबंध? आमच्या फलटणला कालव्याला पाणी येतं ते पाटकऱ्याच्या वहीप्रमाणे, वार आणि वेळ ठरलेली. पाण्याला शिस्त असते. डिसेंबरात मी स्वतः करंजाला गेलो होतो, सकाळी नऊला पाणी काठोकाठ होतं. म्हणजे नऊला असतं. विषय संपला. मी वाद घातला नाही, कारण चहा आला.

मोठी बातमी वेगळीच. मला स्वीप केलं आहे. स्वीप म्हणजे ताफ्यातला सगळ्यात शेवटचा सायकलस्वार. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये, कोणी पडलं, दमलं, पंक्चर झालं तर त्याने थांबायचं. अनुभवी माणसालाच देतात. निकेशचे शब्द होते, "काका, तुमी नायतरी मागंच असता." याला म्हणतात कल ओळखणं. केशरी जाकीट आणि शिट्टी मिळाली. जाकीट पोटावर थोडं तंग आहे, श्वास सोडला नाही तर बसतं.

त्याच बैठकीत मी एक नियम पास करून घेतला. स्वीप पोचल्याशिवाय कोणीही जेवायचं नाही. जानेवारीत नागावला मी पोचलो तेव्हा सुरमई संपली होती आणि लोक हात धुऊन पान खात होते. आता चौदा माणसं माझ्यासाठी थांबतील. हे लिहितानाही बरं वाटतंय.

गुरुवार, ५ मार्च. दुपारी ३

चाळीस किलोमीटर आज झाले नाहीत. वारा उलटा होता. जाताना आणि येतानाही. पामबीचला दोन किलोमीटर जाऊन आलो आणि क्लीटवाले नवे बूट घातले. हे बूट पेडलला अडकतात, त्यामुळे ताकद वाया जात नाही. सिग्नलला पाय सुटला नाही म्हणून दुभाजकावर पडलो. बूट उत्तम आहेत.

शनिवार, ७ मार्च. रात्री ९

मीनाने दोन्ही सायकलींच्या चाकांत हवा भरली, बाटल्या भरल्या, दशम्या केल्या. मी नियोजनावर लक्ष ठेवलं.

झोपताना तिने विचारलं, "पेणच्या रस्त्याला ट्रक असतात. तुम्ही माझ्या मागे असाल ना नक्की?" म्हणालो, अगं, स्वीपच आहे मी, तुझ्या मागे नाही तर कुठे असणार. म्हणाली, "मग मी येते. नाहीतर नको." तिला एक तांत्रिक सूचनाही दिली. चालवताना मागे वळून बघायचं नाही, तोल जातो. फोन उचलायचा नाही. सरळ पुढे बघायचं, मी आहेच.

ती लगेच झोपली. मला झोप नाही. पाय आपोआप पेडल मारतायत.

रविवार, ८ मार्च. पहाटे ४.५०

गेटवर पंधरा जण. फोटो झाला. केशरी जाकिटात मी ठळक दिसतो. रूपेश केळी-पाण्याचा टेम्पो घेऊन पुढे गेला, तो खारपाड्याला आणि पेणला थांबेल. सगळ्यांनी फोनवर लाइव्ह लोकेशन चालू केलं आहे. मीनाने हेल्मेटचा पट्टा तीनदा तपासला. माझाही तपासला.

डायरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवली आहे. पुढे कधी ग्रुपने स्मरणिका काढली तर उपयोगी पडेल.

सकाळी ५.४०. उरण फाटा

सगळे पुढे गेले. आज महिला दिन असल्याने मीनाला मुद्दाम पुढे जाऊ दिलं. बाकीच्या तेरा जणांना का जाऊ दिलं ते आठवत नाही. मीनाचा लाल दिवा खारघरच्या चढावर शेवटचा दिसला. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. सूचना पाळते.

आता इथे उभा राहून विचार करतोय. स्वीपचं काम काय? आपल्या मागे कोणी राहू द्यायचं नाही. मागे पाहिलं. एक कुत्रं आणि दुधाची गाडी. ग्रुपमधलं कोणीही नाही. म्हणजे काम पूर्ण झालं, पावणेसहालाच.

समोर दोन रस्ते. एक डावीकडे पनवेल-पेणचा, मोठा आणि मूर्खपणाचा. एक उजवीकडे उरणचा. नऊला करंजाला पाणी भरलेलं. साडेनऊला रेवस, साडेदहाला थळ. ते येतील तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून बसलेला असेन. निकेशला पाण्याबद्दल चार शब्द सांगेन, सौम्यपणे. याला फसवणूक म्हणत नाहीत, रूट ऑप्टिमायझेशन म्हणतात.

मीनाचं काय? ती पुढे आहे, सुरक्षित आहे, तिच्या पुढे तेरा माणसं आहेत. मी मागे आहे असं तिला वाटतंय, आणि वाटणं महत्त्वाचं. शिवाय तिला मागे बघायचं नाहीच आहे.

फोन एअरप्लेन मोडवर टाकला. बॅटरी वाचवायला.

सकाळी ७.५०. करंजा

बत्तीस किलोमीटर. कंटेनर फार. जेवढे पेणच्या रस्त्याला असतील त्याहून जास्त असावेत. तीनदा चहासाठी थांबलो, एकदा नुसताच.

लाँच नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, आता पाणी उतरतंय, अकरानंतर बघा. मी त्याला डिसेंबरचं उदाहरण दिलं. त्याने खिडकी लावून घेतली.

धक्क्याखाली एक म्हातारा कोळी होडीतलं जाळं झाडत बसला होता, नाव धर्मा. त्याला म्हटलं, पलीकडे सोड. तो म्हणाला, "आथा कशाला मरतंस? मधी चिखलान बसलो तं दोघंपन बसू." मी सांगितलं, मी क्वालिटीतला माणूस आहे, सगळा अभ्यास केला आहे. तो माझ्याकडे, माझ्या जाकिटाकडे आणि सायकलीकडे बघत राहिला. मग उठला. मी फार बोलत होतो म्हणून उठला असावा.

सकाळी ८.३५. खाडी

बसलो.

सकाळी ९.०५. तिथेच

रेवसचा धक्का समोर दिसतोय. धक्क्यावरच्या माणसाने शर्ट कुठल्या रंगाचा घातलाय तेही दिसतंय. मध्ये पाणी नाही. मागेही नाही. होडी चिखलात तिरपी, त्यात मी, सायकल आणि धर्मा. धर्माने विडी पेटवली आणि म्हणाला, "तुला सांगतलं व्हतं." मी म्हणालो, वेळापत्रकात काहीतरी बदल झालेला दिसतो. तो म्हणाला, बदल नाही, रोज पाऊण तासाने सरकतं, त्याच्या आजापासून असंच आहे. तिथी मोजायची आणि पाणी सांगायचं, शाळेत जावं लागत नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. निकेशने सांगितलं होतं, पण नीट समजावून नाही.

चालत जायचं ठरवलं. एक पाय खाली ठेवला. गुडघ्यापर्यंत गेला. पाय वर आला, बूट आला नाही. धर्मा म्हणाला, खाडी ठेवून घेते. त्याच वेळी एक बाई हातात डबा घेऊन निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, वेचत आम्हाला ओव्हरटेक करून रेवसकडे चालत गेली. तिला चिखलात कुठे पाय ठेवायचा ते माहीत होतं. विचारायला हवं होतं, पण ती थांबली नाही.

सकाळी ९.१५

फोन चालू केला. एकवीस मिस्ड कॉल. ग्रुपवर गोंधळ. निकेश, "काका कुठे?" निकेश, "काका लोकेशन बंद का?" मीना, "अहो, मी पेणला पोचले. तुम्ही दिसत नाही."

मीना पेणला पोचली. पन्नास किलोमीटर. मधे टेम्पोत बसल्याचा कुठे उल्लेख नाही. चुकून राहिला असेल.

खरं सांगायला हरकत नव्हती. पण चौदा जण नाश्त्याला एकत्र बसलेले, त्यात मी चिखलात बसलोय असा मेसेज, हे स्वीपच्या पदाला शोभणारं नाही. शिवाय पाणी येईलच आणि मी त्यांच्या आधी पोचेनच. म्हणून टाइप केलं, "मागेच आहे. पुढे चला." विचार केला तर यात एक शब्दही खोटा नाही.

बॅटरी अठरा टक्के. परत एअरप्लेन मोड.

सकाळी १०.२०

ऊन. दशमी खाल्ली, अर्धी धर्माला दिली. त्याने विचारलं, कोणी केली? म्हटलं, बायकोने. विचारलं, ती कुठे? म्हटलं, पेणला, सायकलवर. "एकलीच?" म्हटलं, नाही, मी आहे ना मागे.

धर्माने विडीचा शेवटचा झुरका घेतला. मग विडी विझवून खाडीत थुंकला. मला करमेना. होडीत फेऱ्या मारता येत नाहीत. उठलो, बसलो, सायकलची चेन पुसली, परत उठलो. धर्मा म्हणाला, हलू नकोस, अजून रुतेल.

सकाळी ११.२५

होडीखाली पाणी शिरलं. एकदम हलकं वाटलं. धर्माने वल्ह्याने ढोसलं आणि होडी सुटली. मी म्हणालो, बघा, आलं की नाही पाणी. त्याने पैसे घेताना नोटा मोजल्या नाहीत आणि स्वतःची एक रबरी चप्पल काढून माझ्या मोकळ्या पायात दिली.

फोन चालू केला. मीनाचा मेसेज, ९.५२ चा.

"बराच वेळ झाला, तुम्ही आला नाहीत. काहीतरी झालंय, तुम्ही सांगत नाही आहात. मी परत मागे येतेय. आहात तिथेच थांबा."

सकाळी ११.४०. रेवस धक्का

मीनाला सात फोन केले. उचलत नाही. चालवताना फोन उचलायचा नाही हे मीच सांगितलंय. आणि मागे वळून बघायचं नाही हेही. ती एकटी त्या ट्रकांमधून पनवेलच्या दिशेने चालली आहे, सरळ पुढे बघत, आणि मी पुढे कुठेच नाही.

धक्क्यावर फेऱ्या मारल्या, किती ते मोजायचं राहिलं. उन्हाने असेल. नाही, उन्हाने नाही.

निकेशला फोन केला. म्हटलं, मी रेवसला आहे. तो म्हणाला, "काका, रूपेश टेम्पो घेऊन काकूंच्या मागं गेलाय. तुमी फोन चालू ठेवा. बाकी काय करू नका."

बाकी काही केलं नाही.

दुपारी १.३०. थळ

एक बूट, एक चप्पल, अठरा किलोमीटर. वाटेत १२.०५ ला निकेशचा मेसेज आला. मीना खारपाड्याच्या पुलाशी सापडली. एका टपरीवर उभी राहून विचारत होती, केशरी जाकिटातले, जरा जाडसर, असे कोणी बघितले का. धडधाकट आहे. टेम्पोत बसायला तयार नाही. सायकलनेच येतेय.

मी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकली आणि थोडा वेळ बसलो. डोळ्यांत धूळ गेली होती. त्या रस्त्याला धूळ नाही, डांबर नवं आहे. असो.

निकेशच्या शांतीआत्याचं घर समुद्राला लागून. अंगणात चटया टाकलेल्या, चुलीवर जिताड्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. मी पहिला. ठरवलं होतं तसंच, साडेदहाच्या ऐवजी दीड, एवढाच फरक. खुर्चीही होती.

आत्या बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, चपलेवर नजर थांबली. "तुमी कोन?"

म्हणालो, मी ग्रुपचा स्वीप.

"म्हंजे काय?"

म्हणालो, म्हणजे सगळ्यात शेवटचा माणूस. मी आलो की सगळे आले असं समजायचं.

आत्याने फाटकाबाहेर डोकावून बघितलं. रस्ता मोकळा होता. "मंग बाकीचे कुटं हायत?"

दुपारी २.४०

आत्या जेवा म्हणाली. नियमाप्रमाणे स्वीप पोचल्यावर जेवायला हरकत नाही, मीच लिहिला आहे नियम. पण ताट घेतलं नाही. कालवणाचा वास येतोय. फाटकापर्यंत एकतीस फेऱ्या झाल्या.

दुपारी ४.३५

आले. सगळे एकत्र. मीनाला मधे घेऊन चौदा जण, मागे रूपेशचा टेम्पो रिकामा. तेरा जण पेणला तिच्यासाठी थांबले होते. कोणीही जेवलं नव्हतं, कारण स्वीप पोचला नव्हता. नियमच तसा.

मीनाच्या मीटरवर १२४ किलोमीटर. माझे पन्नास, पण त्यात खाडी धरलेली नाही.

मी तिला मुद्दे सांगायला सुरुवात केली. पहिला मुद्दा बॅटरीचा होता. तिने हात वर केला. ती चिडली नव्हती, चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पेणपर्यंत मला एकदाही भीती वाटली नाही. ट्रक अंगावरून जात होते आणि मी मनात म्हणत होते, हे मागे आहेत."

मग तिने माझ्या पायाकडे बघितलं, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल बघितला, आणि आत जाऊन आत्याकडून तांब्याभर पाणी आणून दिलं. मी लाजेने मेलो. हे इथे लिहिलं आहे ते लिहिलं आहे. खोडणार नाही.

जिताडं उत्तम होतं. निकेश माझ्याशी चांगलं वागला. एकदाच म्हणाला, पुढच्या वेळेला तिथी विचारत जा. जाकीट मागितलं, मी काढून दिलं. धुवायला टाकायचं असेल.

सोमवार, ९ मार्च. सकाळी ९

ग्रुपवर फोटो. मीना केशरी जाकिटात, सगळे टाळ्या वाजवतायत. मी कोपऱ्यात आहे, अर्धा, भाकरी हातात. खाली निकेश, "पुढच्या राईडपासून मीनाकाकू स्वीप." सत्तावीस अंगठे. एक माझा.

तिला ते जाकीट व्यवस्थित बसतं. मला तंगच होतं. आणि स्वीप तरुण माणूस हवा, हे मी कधीपासून म्हणतोय. मीना माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

मला टेम्पोत रूपेशच्या शेजारची जागा दिली आहे. केळी मोजायची. लॉजिस्टिक्स हेड म्हणायला हरकत नाही.

तिथ्या शिकायला घेतल्या. सोपं आहे. तिथीला पाऊण तासाने गुणायचं की भरतीची वेळ. कोळ्यांनी हे आधी सांगायला हवं होतं.

रविवार, १५ मार्च. सकाळी ८.२०

पहाटे मीनाने स्वतःहून विचारलं, येता का पामबीचला. एका मिनिटात तयार झालो. बूट एकच उरलाय, म्हणून दोन्ही पायांत चप्पल. एक माझी, एक धर्माची.

तिला सांगितलं, तू पुढे हो, मी मागे आहे. मनापासून म्हणालो. फोन चालू, लोकेशन चालू, बॅटरी शंभर टक्के. आज एक क्षण नजर हलवायची नाही असं ठरवलं होतं, आणि हलवली नाही.

सोसायटीच्या गेटवर तिने मागे वळून बघितलं. पहिल्या सिग्नलला बघितलं. पुलावर चढताना बघितलं, उतरताना बघितलं. म्हटलं, अगं, सांगितलं होतं ना, मागे बघितलं की तोल जातो.

तिने आठ किलोमीटरमध्ये एकोणीस वेळा मागे वळून बघितलं. मोजलं मी. एकदाही तोल गेला नाही.